पंखाला पंख, पण नजर मोकळी

(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या संमेलनात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, शिस्तीवर बोलावे, फार तर वाचनावर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज बोलणार आहे तो जुन्या लढाऊ विमानांवर आणि ती चालविणाऱ्या वैमानिकांनी सांगून ठेवलेल्या आठवणींवर. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय इतिहास आहे, आणि वर्गात मी रोज पाहतो की युद्धाची कारणे व परिणाम मुले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. त्या युद्धात विमानात एकटा बसलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा काय पाहत होता, त्याचे हात काय करीत होते, हे पाठ्यपुस्तकात नसते. ते या आठवणींत सापडते. त्यांत एक गोष्ट अशी आहे, की ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून ऐकावी. ती सांगण्यासाठीच मी उभा आहे.

सन १९४० चा उन्हाळा. फ्रान्स पडला होता आणि जर्मन विमाने इंग्लंडवर चालून येत होती. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात जी हवाई लढाई झाली तिला 'बॅटल ऑफ ब्रिटन' म्हणतात. इंग्लंडच्या बाजूने सुमारे ३,००० वैमानिक व विमानसैनिक तीत उतरले. त्यांपैकी ५४४ त्या लढाईतच मारले गेले. त्यांच्या हाती प्रामुख्याने दोन विमाने होती. एक हरिकेन, जे प्रथम ६ नोव्हेंबर १९३५ रोजी उडाले; दुसरे स्पिटफायर, जे ५ मार्च १९३६ रोजी उडाले. दोहोंमध्ये रोल्स-रॉइसचे बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन. हरिकेनच्या शेपटीकडील सांगाड्यावर चक्क कापड ताणून बसविलेले असे. गोळ्यांची भोके पडली तर ठिगळ लावून विमान पुन्हा तयार! पंखांत आठ मशीनगना, परंतु सगळ्या गोळ्या मिळून जेमतेम पंधरा सेकंद पुरत.

ही विमाने चालविणे म्हणजे काय, हे म्हातारपणी त्या वैमानिकांनी मोठ्या प्रेमाने सांगितले आहे. स्पिटफायरचे नाक इतके लांब, की जमिनीवर असताना समोरचे काहीच दिसत नसे. म्हणून धावपट्टीकडे जाताना विमान नागमोडी चालवायचे, एकदा डाव्या बाजूने डोकावायचे, एकदा उजव्या. फार वेळ जमिनीवर रेंगाळले तर इंजिन तापायचे. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाके आत घेण्यासाठी हातपंप होता. उड्डाण होताच दांडा डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्या हाताने पंप मारायचा. नवख्याचा डावा हातही उजव्याबरोबर हलायचा, आणि विमान होडीसारखे वरखाली डुलत जायचे. खाली उभे असलेले जुने लोक ते पाहून ओळखत, की आज नवीन पोरगा आला आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता सर्वात महत्त्वाची बाब ऐका. या विमानात आसन एकच होते. सायकल शिकताना मागून कोणीतरी धरून धावते. येथे मागे धरणारा कोणी नव्हता. शिकवणीच्या विमानांवर धडे घेतलेल्या मुलाला स्पिटफायरमध्ये बसवीत आणि डोळे बांधून प्रत्येक कळ व प्रत्येक दांडा हाताने चाचपून ओळखायला लावीत. ते जमले की पहिले उड्डाण एकट्याने. जेफ्री वेलम नावाचा मुलगा मे १९४० मध्ये ९२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. सगळे त्याला 'बॉय', म्हणजे पोरगा, म्हणूनच हाक मारीत. त्याने आपल्या आठवणी पुढे वह्यांत लिहून काढल्या आणि त्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या त्या थेट २००२ साली, तो ऐंशीच्या घरात असताना. सतत लढून लढून आपली मनःशक्ती एकविसाव्या वर्षीच कशी संपली, हेही त्याने त्यात लपविले नाही. २०१८ मध्ये तो वारला.

मुलींनो, तुमच्यासाठीही या इतिहासात जागा आहे. कारखान्यातून निघालेली विमाने तळांवर पोहोचविण्याचे काम 'एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी' ही संघटना करीत असे, आणि तीत दीडशेहून अधिक स्त्री-वैमानिक होत्या. सोबत रेडिओ नाही. आज एक जातीचे विमान, उद्या दुसरे. खिशात एक छोटी वही, जीत प्रत्येक विमानाची थोडक्यात माहिती. उड्डाणापूर्वी तिचे पान वाचायचे आणि निघायचे. मेरी एलिस या बाईंनी अशा रीतीने ७६ जातींची सुमारे १,००० विमाने पोहोचविली, त्यांत ४०० स्पिटफायर होती. एकदा त्या वेलिंग्टन नावाचे मोठे बॉम्बफेकी विमान घेऊन एकट्या उतरल्या. तळावरच्या माणसांनी विचारले, वैमानिक कुठे आहे? मीच वैमानिक, असे त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसेना. ते आत चढले आणि त्यांनी सारे विमान शोधून पाहिले! पूर्ण लक्ष देऊन वाचलेले एक पान काय करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. विमाने एकत्र उडतात तेव्हा त्यांच्या मांडणीला 'फॉर्मेशन' म्हणतात. आपण रचना म्हणू. युद्धापूर्वी इंग्लंडच्या वायुदलात तीन-तीन विमानांची रचना शिकविली जाई. पुढे नेता, त्याच्या दोन्ही पंखांमागे एकेक विमान. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. अशा चार त्रिकुटांचे मिळून बारा विमानांचे स्क्वॉड्रन. विमाने एकमेकांना इतकी बिलगून, की खालून पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. पाहायला ही रचना फारच सुंदर होती.

परंतु त्या रचनेत बसलेल्या माणसाचे काय होत होते ते पाहा. नेत्याच्या पंखापासून काही फुटांवर आपले विमान ठेवायचे म्हणजे डोळे त्या पंखावरून क्षणभरही हलवता येत नाहीत. नेता वळला की बाहेरच्या बाजूच्या विमानाला वेग वाढवावा लागतो, आतल्याला कमी करावा लागतो. एक हात दांड्यावर, दुसरा इंजिनाच्या वेगावर, दोन्ही अखंड कामात. म्हणजे तीन वैमानिकांपैकी आकाश पाहणारा फक्त एक. बाकीचे दोघे केवळ त्याला पाहणारे. सहा डोळ्यांपैकी चार डोळे वाया!

हे कुणाच्या मूर्खपणामुळे घडले असे नाही. रचना ठरविणाऱ्यांचा हिशेब असा होता, की बॉम्बफेकी विमाने दूर जर्मनीतून येतील, आणि त्यांच्या लढाऊ विमानांना इतका पल्ला झेपणार नाही. रक्षकांविना येणाऱ्या संथ विमानांवर शिस्तीत चाल करून जायला ही रचना ठीक होती. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, जर्मन लढाऊ विमाने समुद्राच्या पलीकडच्या काठावर येऊन बसली, आणि हिशेब एका महिन्यात जुना झाला. रचना मात्र तीच राहिली. मागून सूर्याच्या आडून येणारा शत्रू दिसायला कोणाचे डोळे मोकळे नव्हते. त्यावर उपाय म्हणून सर्वांच्या मागे एका वैमानिकाला डावी-उजवीकडे झुलत राखण करायला ठेवले. बरेचदा तोच पहिला पडे, आणि पुढच्यांना त्याचा पत्ताही लागत नसे.

जर्मनांनी वेगळी रचना शोधली होती. स्पेनच्या यादवी युद्धात १९३८ साली व्हर्नर मोल्डर्स या वैमानिकाने ती घडविली. ती समजायला आपला उजवा हात पुढे करा, तळवा जमिनीकडे, आणि अंगठा आत दुमडा. चार बोटांची टोके पाहा. मधले बोट म्हणजे नेता. तर्जनी म्हणजे त्याचा जोडीदार. अनामिका म्हणजे दुसऱ्या जोडीचा नेता, आणि करंगळी त्याचा जोडीदार. बोटे जराशी फाकवा, कारण या विमानांत सुमारे दोनशे यार्डांचे अंतर असे. इंग्लंडमध्ये हिला पुढे 'फिंगर फोर', म्हणजे चार बोटांची रचना, असे नाव पडले.

या अंतराने काय साधले? पंखाला पंख जुळविण्याची कसरत संपली आणि सर्वांच्या माना मोकळ्या झाल्या. डावीकडचा वैमानिक उजवीकडच्या सोबत्याच्या मागचे आकाश पाहू लागला, उजवीकडचा डावीकडच्याच्या मागचे. कारण एक साधी गोष्ट आहे: आकाशात कोणालाही आपल्या स्वतःच्या शेपटीमागचे दिसत नाही. ते बाजूच्या सोबत्यालाच दिसते. आणि तोही फार जवळ चिकटला तर त्यालाही दिसत नाही. थोडे अंतर हवे, पण नजरेच्या टप्प्यातले.

इंग्लंडमध्ये हा बदल वरच्या कचेरीतून हुकूम निघून झाला नाही. स्क्वॉड्रन-स्क्वॉड्रनमधल्या लढणाऱ्यांनी आपापल्या अनुभवाने तो घडवीत नेला. त्यांतील एक प्रसंग १९४१ च्या वसंतातला, टँगमियर तळावरचा. तेथील तुकडीचा प्रमुख होता डग्लस बाडर. १९३१ च्या अपघातात दोन्ही पाय गमावून कृत्रिम पायांनी पुन्हा विमान चालविणारा, नामांकित, करड्या स्वभावाचा माणूस. त्याच्या हाताखाली ह्यू डंडास नावाचा वीस वर्षांचा वैमानिक होता. त्याने या प्रमुखापुढे आपला विचार मांडला, की चौघांनी शेजारी-शेजारी, अंतर ठेवून उडावे. बाडरने ऐकले, आणि मे महिन्यात स्वतः त्या चौघांत जाऊन प्रयोग केला. पहिल्याच वेळी शत्रू मागून आला. तो वेळेवर दिसला, पण वळण्याची घटका किंचित चुकली आणि नेमक्या डंडासच्याच विमानाला गोळ्या लागल्या! कसाबसा तो जमिनीवर उतरला. त्यानंतर त्यांनी रचना टाकून दिली नाही. वळण्याची वेळ तेवढी दुरुस्त केली. वीस वर्षांच्या मुलाने बोलण्याचे धैर्य केले याचे कौतुक आहेच; पण वरिष्ठाने ऐकून घेतले याचे मला अधिक कौतुक वाटते.

नेत्यावरच सर्वांचे डोळे खिळले तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण पुढच्या काळातलेही आहे. अमेरिकी वायुदलाचे 'थंडरबर्ड्स' हे हवाई कसरतींचे पथक १८ जानेवारी १९८२ रोजी नेवाडाच्या वाळवंटात सराव करीत होते. चार जेट विमाने शेजारी-शेजारी उडून आकाशात गोल फेरी घेत खाली येत होती. नेत्याच्या विमानाचा नाक वर उचलणारा भाग अडकला. त्याचा त्यात काहीच दोष नव्हता; यंत्र बिघडले. बाकीच्या तिघांची नजर कसरतीच्या शिस्तीप्रमाणे नेत्याच्या विमानावर होती. चारही विमाने एकदमच जमिनीवर आदळली. चौघेही उत्तम वैमानिक होते. पुढारी सज्जन असला, कुशल असला, तरी डोळे त्याच्या स्वाधीन करून चालत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

आता आपल्या देशाकडे वळू. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म १९२३ चा. निझाम कॉलेजमधून ते वायुदलात गेले आणि १९४२ च्या जानेवारीत अधिकारी झाले. आरंभी कराचीहून वापिती, ऑडॅक्स, हार्ट अशी दुपंखी, उघड्या खोबणीची जुनी विमाने घेऊन त्यांनी अरबी समुद्रावर पाणबुड्यांसाठी गस्त घातली. नंतर इंग्लंडमध्ये हरिकेन व स्पिटफायरवर शिक्षण घेतले, आणि परत येऊन ब्रह्मदेशच्या मोहिमेत भाग घेतला.

१९४७ साली देशाबरोबर वायुदलही विभागले गेले. एकाच भोजनगृहात बसणारे, एकाच रचनेत उडणारे सोबती दोन बाजूंना निघाले. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सोबतचे अधिकारी. दोघेही पुढे पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांना आपल्याबरोबर येण्याविषयी सुचविले. लतीफ यांनी धर्म आणि देश या दोन गोष्टी आपल्यापुरत्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत, असे स्पष्ट सांगितले आणि ते येथेच राहिले. ज्यांच्या पंखाला पंख लावून उडालो त्यांच्या मागे जाणे सोपे होते. त्यांनी मान वर करून स्वतः आकाश पाहिले आणि आपली दिशा ठरविली. भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा १९५० साली राजधानीवरून विमानांचे जे संचलन गेले, त्याच्या अग्रभागी हेच लतीफ होते. ऑगस्ट १९७८ च्या अखेरीस ते वायुदलप्रमुख झाले. त्यांनी सूत्रे घेतली ती मुंबईत जन्मलेल्या हृषीकेश मुळगावकरांकडून, ज्यांना १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले होते. पुढे १९८२ ते १९८५ या काळात लतीफ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०१८ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते हैदराबादेत निवर्तले.

कोणी म्हणेल, मग जवळून उडणे वाईटच का? मुळीच नाही. याही बाबतीत जुन्या वैमानिकांचे सांगणे ऐकण्यासारखे आहे. दाट ढगांतून जायचे असेल तर विमाने जवळ घेतात. ढगात आभाळ कोणते नि जमीन कोणती हे नवख्याला कळत नाही. अशा वेळी नेता आपल्या यंत्रांवर लक्ष ठेवतो, आणि सोबती त्याच्या पंखावर नजर ठेवून त्याच्याबरोबर सुखरूप पार होतो. जरा मागे पडला तर नेता धुक्यात नाहीसा होतो. ढग संपला, ऊन पडले, की पुन्हा अंतर घ्यायचे. आपल्या वायुदलाचे १९९६ साली स्थापन झालेले 'सूर्यकिरण' पथक नऊ विमाने अवघ्या काही मीटरांवर ठेवून कसरती करते, ती शिस्त पाहून ऊर भरून येतो. पण तिथे आकाश आधी मोकळे करून दिलेले असते. लढाईचे आकाश असे मोकळे मिळत नाही.

पालक बंधुभगिनींनो, मी शिक्षक आहे, म्हणून मला या साऱ्यात आपली मुले दिसतात. आईबाप मुलाला घेऊन शाळेत येतात. मी मुलाला प्रश्न विचारतो, उत्तर वडील देतात. कोणता विषय आवडतो हे वडील सांगतात, पुढे काय व्हायचे हेही वडीलच सांगतात, आणि मुलगा तेवढा वेळ वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत उभा असतो. त्यात माया आहे, काळजी आहे, हे मला दिसते. परंतु त्या मुलाचे दोन डोळे वाया जात आहेत हेही दिसते. आपण त्याच्या वयाचे असताना जे आकाश होते त्याचा हिशेब करून आपण आपली रचना ठरविली. ती त्या काळी बरोबरही असेल. आता शत्रू कोठून येतो आणि संधी कोठून येते, हे बदलले आहे. ते पहिल्यांदा कदाचित त्यालाच दिसेल. दिसले तर ते त्याने आपल्याला सांगावे, एवढी मोकळीक घरात असू द्या. तो सांगेल तेव्हा बाडरने ऐकले तसे ऐका.

मूल लहान असेल, आजारी असेल, नापास होऊन खचले असेल, वाईट संगतीच्या धुक्यात सापडले असेल, तेव्हा ढगाचा नियम लावा. त्याला पंखाशी घ्या. त्या वेळी अंतराच्या गोष्टी करू नका. ढग ओसरला की मात्र धीर करून थोडे बाजूला व्हा. नजरेआड होऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, अंतर मिळाले म्हणजे सुटका झाली असे समजू नका. चार बोटांच्या रचनेत ज्याला अंतर दिले होते त्याच्यावर जबाबदारी वाढली होती. सोबत्याच्या शेपटीमागे पाहणे हे त्याचे काम होते. वर्गात शेजारी बसणारा मुलगा चार दिवस आला नाही, तर त्याच्या घरी कोण जाते? बहिणीची शाळा सुटण्याच्या बेतात आहे, हे घरात पहिल्यांदा कोणाला कळते, आणि तो बोलतो का? आपल्यामागचे आपल्याला दिसत नाही. तुमच्यामागचे तुमच्या मित्राला दिसते; त्याने सावध केले तर राग मानू नका. त्याच्यामागचे तुम्हाला दिसते. तेव्हा गप्प राहू नका.

इंग्लंडच्या त्या लढाईत उतरलेल्या वैमानिकांपैकी शेवटचे, जॉन हेमिंग्वे, १७ मार्च २०२५ रोजी एकशे पाचाव्या वर्षी वारले. आता त्यांच्यातले विचारायला कोणी उरले नाही; त्यांनी सांगितले तेवढेच आपल्या हाती आहे. आपल्या घरांतही बोटीवर, गोदीत, गिरणीत, परमुलखात आयुष्य घालविलेले बुजुर्ग आहेत, आणि त्यांनीही आपापले ढग पार केले आहेत. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि ते सांगतील ते वहीत उतरवून घ्या. शाळा उघडल्यावर ती वही मला आणून दाखवा. मी प्रत्येक वही वाचीन.